बेटावर मारलेली हाक

मंगळवार, ४

सांगून टाकलं एकदाचं!

मी गॅसपाशी, दूध उतू जाईल म्हणून उभी. तो टेबलाशी बिघडलेली इस्त्री उघडून बसलेला. म्हटलं, "मी ताईकडे जातेय. राहायला. कायमची."

उत्तर काय? — "हो."

बस्स! मान वर नाही, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली नाही. गवळी उद्या येणार नाही म्हटलं असतं तरी हेच ऐकलं असतं. एवढा संसार केला, आणि त्याची किंमत एका अक्षराची! ते तरी जरा लांबवायचं.

(इथे मी त्याला 'तो' म्हणते. तोंडावर आयुष्यभर 'अहो'. नाव कधी घेतलं नाही, आता जाता जाता कशाला घ्या. वहीत तरी माझं राज्य.)

बुधवार, ५

ताईचा फोन. "वरची खोली झाडून ठेवलीय गं. तुझं शिवणयंत्र खिडकीशी बसेल. रविवारी सकाळी पोराला गाडी घेऊन पाठवते. पण ते काय म्हणाले?"

हो म्हणाले.

"अगं बाई! भांडलेसुद्धा नाहीत?"

भांडायला समोर माणूस लागतो. इथे खुर्चीवर नुसता सदरा बसतो — तोही मीच शिवलेला.

गुरुवार, ६

आज याने काय टूम काढावी? शनिवारी बेटावर जायचं! भाड्याच्या सायकली घेऊन बेटाला चक्कर मारायची! लाँचची तिकिटं काढूनच आला, विचारणं-बिचारणं काही नाही. टीव्ही एवढा मोठा लावलेला, की मला ओरडावं लागलं — "रविवारी मला निघायचंय, आदल्या दिवशी पाय मोडून घेऊ का?"

तर म्हणतो, "रस्ता सपाट आहे."

कपाळ माझं! जाणार आहे. जाताना हिने तोंड फिरवलं, असं नको म्हणायला कुणी.

शुक्रवार, ७

सकाळपासून पँटला लावायच्या क्लिपा शोधतोय. माझी बॅग दाराशी भरून ठेवलीय. ती ओलांडून दोनदा आत-बाहेर केलं. विचारलं नाही.

शनिवार, ८

पाय भरून आलेत. तरी लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

बेट म्हणजे काय? बटाट्याची शेतं, दगडी बांध, शेळ्या, आणि या सगळ्याला वळसा घालणारा एक रस्ता. बघायला काही नाही हेच बघायला लोक पैसे मोजून येतात. सायकली देणारी बाई म्हणाली, "रस्ता एकच आहे हो, चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही." तरी आमच्या साहेबांनी खिशातून नकाशा काढला! त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे.

ध्यान तर काय दिसत होतं! पँट घोट्याशी आवळलेली, टोपी कानांपर्यंत, पाठीवर पिशवी. एका शेतात बुजगावणं होतं. त्याचा कोट खांद्यात याच्या कोटापेक्षा नीट बसला होता. शिवणाऱ्याची नजर, दुसरं काय.

निघताना हुकूम — "तू समुद्राच्या बाजूला राहा. डावीकडे." वारा समुद्रावरूनच येत होता, म्हणजे वारा मी खायचा आणि हा माझ्या आडोशाने चालवणार! राहिले. एक दिवसाचा प्रश्न. अधूनमधून काहीतरी सांगत होता — ही बंद पडलेली शाळा, तो दीपस्तंभ. मी हूं केलं की तेवढ्यावर खूश.

परतीच्या वाटेवर माझी साखळी निसटली. मी थांबले. हा आपला पुढे! मागे कुणी आहे की गळालं, पत्ता नाही. दोन्हीकडे बांध, मध्ये चिंचोळा रस्ता, आणि मागून बटाट्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला. मला ओलांडून पुढे गेला आणि लागला हॉर्न वाजवायला. हा मधोमध. राजासारखा!

मी ओरडले, "अहो!"

बांध रचणारा वळला. कोंबड्यांना दाणे टाकणारा वळला. बेटावरचे यच्चयावत 'अहो' वळून माझ्याकडे बघायला लागले. हा सोडून.

मग मी नाव घेतलं. त्याचं नाव, भर रस्त्यात, घसा फाडून! तोंडातून परक्याचं निघावं तसं निघालं. लाज नाही वाटली, भीती वाटली. ट्रॅक्टर त्याच्या पाठीला टेकायचाच बाकी होता. तरी हा वळला नाही.

ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक दाबला, एक चाक बांधावर चढलं. सावली अंगावर पडली तेव्हा कुठे याने वर पाहिलं — आणि हसून हात हलवला! जणू कुणी ओळखीचाच भेटला.

"आजोबांना ऐकायला येत नाही का?" ट्रॅक्टरवाला माझ्यावर खेकसला.

"येतं. ऐकायचं नसतं—" मी माझं नेहमीचं वाक्य म्हणायला लागले. शेजारणींना ऐकवते तेच. अर्ध्यात थांबले.

टोपी कानावर. वारा डाव्या कानात. आणि उजवा?

लाँचवर मी मुद्दाम त्याच्या उजव्या हाताला बसले आणि म्हटलं, "तुमच्या पिशवीला आग लागलीय." हा पाणी बघतोय. उठून डावीकडे गेले. "कधीपासून?"

लगेच कळलं त्याला. "छापखान्यात होतो तेव्हापासून. यंत्र उजवीकडे असायचं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तू मोठ्याने बोलायला लागली असतीस."

बघा! माझ्या आवाजाला भिऊन बहिरेपण लपवलं! माणूस आहे की काय! संताप झाला. ताईपुढे, शेजारणींपुढे, या वहीत, किती वर्षं मी याच्या त्या 'हो'चा पंचनामा केला. आणि त्याला निम्मं ऐकूच येत नव्हतं. कळलं नाही की हो म्हणून मोकळा. म्हणजे मंगळवारचा 'हो'ही तसलाच. म्हणजे मी जाणार आहे हे त्याला माहीतच नाही! दाराशी बॅग कसली, एवढं तरी विचारावं की नाही मूर्खाने!

मला हलकं वाटतंय. का वाटतंय, त्यात शिरत नाही.

आता उद्या नीट सांगायचं. डाव्या बाजूने. मग काय म्हणतो ते बघू. ऐकल्यावर काहीतरी म्हणेलच. म्हणायलाच हवं.

रविवार, ९

खुर्ची ओढून त्याच्या डावीकडे बसले. मंगळवारचं वाक्य पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. त्याने कप खाली ठेवला.

"मंगळवारी ऐकलं होतं. तू गॅसपाशी होतीस. डावीकडे."

"मग नुसतं हो?"

"तेव्हा दुसरं काही सुचलं नाही," म्हणाला. "गुरुवारी बेट सुचलं."

मी बॅग घ्यायच्या निमित्ताने उठले, ती इथे येऊन लिहीत बसलेय. भाच्याची गाडी आलीय. खाली हॉर्न वाजतोय. खिडकी त्याच्या उजवीकडे आहे, त्याला ऐकू येत नाहीये. मी अजून सांगितलेलं नाही.