भिंतीपलीकडची ब्लॅकबेरी

१४ ऑगस्ट १९९६
टाळ्या अजून कानात आहेत. परदेशी मालावर बोललो. शेवटी तोंडातून निसटलं — "माझ्याच अंगणात विलायती काटेरी झुडूप घुसलंय. आमचं पाणी पितंय, फूल नाही की फळ नाही! उद्या झेंडावंदन झालं की माझ्या हातांनी उपटतो!"

टिपणात हे वाक्य नव्हतं. झुडूप आशाचं. युरोपातली रानटी ब्लॅकबेरी. महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्यातून आणून तिने लावली, एमएस्सीच्या अभ्यासासाठी. पोरगी समोरच बसली होती.

१५ ऑगस्ट
यादव कुदळ घेऊनच आला. मागे सगळे कार्यकर्ते. "तात्या, चला! फोटोवालापण आणलाय."

आशा आडवी आली. "बाबा, पहिल्या वर्षी छडीला, म्हणजे नव्या फांदीला, नुसती पानंच येतात. फुलं-फळं दुसऱ्या वर्षी, त्याच छडीला. मग ती मरते. एक वर्ष थांबा ना!"

मला हे ठाऊक होतं! तिच्याच पुस्तकात वाचलं होतं. पण गल्लीभर लोकांपुढे माघार? — उपटलं. आकड्यासारखे काटे तळहातात रुतले. आशाने एक पान उचललं, पालथं केलं, खालची पांढरी लव पाहिली आणि आत निघून गेली.

१६ ऑगस्ट
फोटो छापून आला. हात सुजलाय. ताटात ठेचा — मिरचीसुद्धा मूळची परदेशातूनच आलेली. ताट सरकवलं.

९ सप्टेंबर
आशा फक्त आईशी बोलते. तिला एमएस्सीचा विषय बदलावा लागला.

सटाण्याच्या सभेत यादव कानाशी — "तात्या, ते झुडपाचं घ्याच! लय टाळ्या पडतात." घेतलं. काट्यांचे वण दिसावेत म्हणून हातही उंच केला. शी!

२२ मार्च १९९८
शेजारच्या फारुखभाईंच्या भिंतीवरून फिकट गुलाबी फुलं डोकावतायत. पाच पाकळ्या. ओळखलं! तेव्हाच एखादी छडी वाकून पलीकडे गेली असणार. शेंडा मातीला टेकला की तिथे मूळ धरतो. आशा रोज त्यांच्याकडे का जाते, तेही आज कळलं.

यादवनेही पाहिलं. भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाला, "तात्या, तिकडेपण कुदळ न्यायची का?"

मी हसलो. नाही म्हणालो नाही.

१० मे
फारुखभाईंनी झुडूप स्वतःच उपटलं. "उगाच लोक दारात नकोत, तात्या." त्याआधी सलिमाभाभींनी पिकलेली फळं तोडून घेतली. वाटीभर निघाली, काळीभोर.

आशाने वाटी माझ्यापुढे ठेवली. इतक्या दिवसांत माझ्याशी पहिला शब्द —

"खा."