कुंभवलीचा तळमजला

१२ ऑक्टोबर
आज ताबा मिळाला. मिरजेहून औषधाच्या कारखान्यात नोकरीला आले, आणि आता कुंभवलीत माझ्या नावावर फ्लॅट आहे. दलाल मेहुलभाई मला पहिलीतल्या मुलीसारखं शिकवतो. घर आपल्याला आवडतंय का ते बघायचं नाही, भाडेकरूला परवडतंय का ते बघायचं. कारखाने चालत जाण्यासारखे हवेत. तळमजला स्वस्त पडतो. कागद वकिलाला दाखवले, सगळे चोख. दिवाळीपर्यंत इथेच राहून डागडुजी करायची, मग भाड्याने द्यायचं. नव्या ओट्यावर पिठलं केलं. छान झालं.

१५ ऑक्टोबर
घरात वास येतोय. आधी वाटलं, शेजारी कुणी बोंबील वाळत घातलेत. पण वास आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीतून येतो. गोडसर, बाटलीत नासलेल्या दुधासारखा. दहीभात तोंडाजवळ नेला, त्यालाही तोच. टाकून दिला.

१८ ऑक्टोबर
त्या भिंतीचा रंग फुगलाय, ताटाएवढा. बोटाने दाबलं तर आत प्लास्टर लागेना. म्हशीच्या कासेसारखं मऊ, आणि कोमट. फुटलं. पिवळट, तार धरणारं काहीतरी मनगटापर्यंत ओघळलं. साबण संपेपर्यंत हात धुतले.

मेहुलभाईला बोलावलं. त्याने नाकाला रुमालसुद्धा लावला नाही. सहज सांगितलं, की इथे मोठा खड्डा होता. टँकरवाले त्यात कारखान्यांचं काळं पाणी सोडायचे, तबेलेवाले मेलेल्या म्हशी टाकायचे. त्या धड कुजतही नव्हत्या. मग वर माती टाकून बिल्डिंग उठवली. मला का नाही सांगितलं, विचारलं.

“तुमी विचारलंत कुठे, रुचिताबेन? कागद मागितलेत, कागद दिले.”

वर सल्ला दिला, की भिंतीवर प्लायवूड मारा, कुटुंब ठेवा, आणि भाडेकरूसकट विकून मोकळ्या व्हा. मला त्याची शिसारी आली. तरी प्लायवूड कुठे मिळेल ते विचारून घेतलं.

२२ ऑक्टोबर
सुताराने रंग खरवडला. खाली आखूड काळे केस होते, ओले, एका दिशेला बसलेले. तो अंगणात जाऊन ओकला आणि परत आलाच नाही. फळ्या मीच ठोकल्या. ठोकल्या कसल्या, खिळे अंगठ्याने दाबले तरी आत जात होते.

२५ ऑक्टोबर
जव्हारकडचं जोडपं घर बघून गेलं. रूपेश कारखान्यात लागलाय. दीपालीच्या कडेवर रांगतं बाळ. मी कापूर जाळून ठेवला होता. “ताई, खोली चांगली हाय,” ती म्हणाली. पुन्हा पुन्हा फळीवरून हात फिरवत होती. ऊब लागते म्हणाली, बाळाला बरी. मी हसले. महिनाअखेरीला राहायला या म्हणून एक चावी दिली. नंतर आरशात स्वतःचं तोंड बघवेना.

२८ ऑक्टोबर
जेवण जात नाही. फळीच्या फटीतून केस बाहेर आलेत. कात्रीने कापले. त्यांतून रक्त —
दीपालीला फोन करून नाही म्हणायला हवं. उद्या करते.

२९ ऑक्टोबर
केला नाही. मेहुलभाई म्हणतो, पहिल्या घराच्या वेळी सगळ्यांचंच मन असं कच्चं असतं.

३० ऑक्टोबर
ती दोघं सकाळीच सामान घेऊन आल्याचा दीपालीचा फोन आला. मी कारखान्यातून धावत आले, राहू नका म्हणून सांगायला. दीपाली ओट्यावर डबे लावत होती. बाळ आतल्या खोलीत निजलंय म्हणाली, पहिल्यांदाच न रडता.

फळी खाली पडलेली. बाळाचा गाल भिंतीला. भिंत तो गाल चोखत —
मी दोन्ही हात गालामागे खुपसले. आत ओलं, हलणारं. बाळ सुटलं. रडलं. गालावर नुसता लाल वळ. रूपेशने दोघांना बाहेर नेलं.

डावा हात निघाला. उजवा नाही.

रूपेश माणसं आणायला पळालाय. वही खांद्यावरच्या पिशवीतच होती. डाव्या हाताने लिहितेय, वाचता येईल का कोण जाणे. दुखत नाही, हेच किळसवाणं. माझ्या बोटांत काहीतरी बोटांसारखं अडकलंय. कोपर गेलं. केस गळ्याशी —
माणसांचे आवाज येतायत. रूपेश, आत येऊ नका, भिंतीला हात ला