गुरुजींची चटई चुकीच्या अंगणात

तीर्थस्वरूप पेनी दादास, धाकट्या उएलेसेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? वहिनींचा खोकला थांबला का, आणि देवळाचं छप्पर वादळाआधी शाकारून झालं का? इकडे राजधानीत, आपियात, आम्ही देवाच्या दयेने बरे आहोत, म्हणजे दोन वेळा जेवतो आणि रविवारी प्रार्थनेला जातो. याहून जास्त बरं असल्याची काही खूण सध्या माझ्या अंगावर दिसत नाही. न्यायाधीश होऊन सात महिने झाले, कसं वाटतं, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. उत्तराला उशीर झाला, कारण खोटं लिहायला न्यायाधीशाला बंदी आहे आणि खरं लिहिण्याची वकिलाला सवय नसते.

वकील होतो तेव्हा बाजारातून जाताना दहा जण हाका मारायचे. त्यातले सहा चोर असतील, पण हाक प्रेमाची असायची. आता तेच लोक मला पाहून नारळांच्या ढिगाआड वाकतात. लग्नाला गेलो की मानाच्या जागी बसवतात आणि शेजारी कुणी बसत नाही. (डुकराचा तुकडा मात्र मोठा वाढतात. एकट्याने खाल्लेलं डुक्कर पचत नाही, दादा.) आणि कामाचं म्हणशील, तर बावीस वर्षं आरोपीच्या बाजूने उठायची पायांना सवय. पहिल्याच दिवशी सरकारी बाजूच्या वाएलुआबाईंनी साक्षीदाराला तोंडात उत्तर घालणारा प्रश्न विचारला आणि मी झगा सावरत ताडकन उभा राहून म्हणालो, ‘हरकत आहे!’ आरोपीचा वकील बिचारा अर्धा उठलेला, तो तसाच लोंबकळत राहिला. वाएलुआबाई पोलिसात मुरलेल्या. त्यांनी अदबीने मान लववून विचारलं, ‘मग साहेब, मंजूर की नामंजूर?’ मी म्हणालो मंजूर. आयुष्यातला माझा सगळ्यात सोपा विजय तो, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पण हे हसण्यावारी गेलं. जे गेलं नाही ते योपूचं.

योपू म्हणजे आपल्या एतिमानी गुरुजींचा नातू. चार वर्षांपूर्वी गावच्या क्रिकेटात त्याने एका माणसाच्या डोक्यात बॅट घातली होती आणि त्याचं वकीलपत्र मी घेतलं होतं. आपलं क्रिकेट तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी एका बाजूला बेचाळीस जण खेळत होते आणि आउट झालेला प्रत्येक जण बॅट खांद्यावर टाकून मैदानातच नाचत होता. मी साक्षीदारांना एवढंच विचारत गेलो की बॅट नेमकी कुणाची. पहिला म्हणाला उंच माणसाची, दुसरा म्हणाला जाड माणसाची, तिसरा म्हणाला त्या वेळी मी स्वतःच नाचत होतो. योपू सुटला. सुटणारच होता, पुरावा नव्हता. कायद्याने मी काही वावगं केलं नाही. फक्त खटल्याआधी त्याने मला खोलीत बसून सांगितलं होतं, ‘काका, मीच मारली. राग आला की मला हात दिसत नाही.’ ते वकिलाने पोटात ठेवायचं असतं. ठेवलं. पण सुटल्यावर त्याला बाजूला घेऊन चार शब्द सांगता आले असते, गुरुजींच्या कानावर घालता आलं असतं की याला सांभाळा. मी काय केलं? न्यायालयाच्या पायरीवर गुरुजींचे हात हातात घेतले आणि ऐटीत म्हणालो, ‘पुढे कधी काही झालं तर आधी माझ्याकडे या.’

यंदा झालं. बस थांबवली नाही म्हणून योपूने पुढच्या थांब्यावर गाठून लाफाएले ड्रायव्हरला बॅटने मारलं. लाफाएलेचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाच्या हातात बस देत नाहीत, त्यामुळे त्याचं कामही गेलं. योपूने गुन्हा कबूल केला, आणि शिक्षेसाठीची फाईल फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. ती मी त्याच मिनिटाला परत करायला हवी होती. (इथे आरोपीशी नातं नसलेला न्यायाधीश हवा असेल तर जहाजाने मागवावा लागेल, पण स्वतःचा जुना अशील म्हणजे अतीच.) मी ती एक दिवस ठेवून घेतली. डॉक्टरांचा कागद वाचायचा होता. तो मी चार वेळा वाचला. तेवढ्यात तारखांच्या यादीत माझं नाव लागलं, आणि ते गुरुजींनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडतो तर अंगणात तलम चटई पांघरून कुणीतरी बसलेलं. पुढ्यात सरपणाची मोळी आणि दगड. पायांवरून ओळखलं, त्या पायांशी बसूनच मी अक्षरं गिरवली. आपली रीत तुला मी काय सांगावी, तू स्वतः दोनदा बसला आहेस: आपल्या माणसाने ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात डोकं झाकून बसायचं, हे सरपण, हे दगड, हवं तर आम्हांला भाजून खा म्हणायचं. घरच्यांनी चटई उचलली की माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. पण ते दार लाफाएलेचं! गुरुजी ऐंशीव्या वर्षी माझ्या दारात आले, कारण आधी माझ्याकडे या असं मीच सांगितलं होतं. गुरुजींनी जन्मभर विद्यार्थ्यांचा शब्द खरा मानला.

मी दाराआड. बाहेर जाऊन चटई उचलावी तर न्यायाधीशाने आरोपीला घरी बसून माफ केलं असं होणार. न उचलावी तर म्हातारा उन्हात. माझी बायको फेतू खिडकीतून पाहून म्हणाली, ‘सरपण ओलं आहे. भाजायचं झालं तरी जमणार नाही. आता तुम्ही काय करणार?’ मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, ‘करा. ते ऐंशीचे आहेत, तुम्हांला फार वेळ नाही.’ तेव्हा मी मागच्या दाराने निघालो. मोठ्या न्यायाधीशांना गाठावं, फाईल सोडावी आणि मग माणूस म्हणून परत येऊन चटई उचलावी, असा बेत. शेजाऱ्यांच्या कुंपणात लुंगी अडकली. ती तिथेच सोडून पळालो असतो, पण शेजारी राखणीला चावरी बदकं पाळतात आणि बदकांना पद कळत नाही. मी लुंगी सोडवेपर्यंत मातालेना आत्या पहाटेच्या प्रार्थनेहून पुढच्या दाराने आली होती. तिचा आवाज मला कुंपणावर ऐकू आला. ‘अगं बाई, एतिमानी! उठा बघू! हे काय वय आहे का मातीत बसायचं? आमचा उएलेसे झोपला असेल मेला, मी उचलते!’

उचलली. पोर्चवर बसवलं, कोको घातलेला गरम भात दिला. गुरुजी रडले, आत्या रडली, फेतू भांडी आपटत रडली. मी कुंपणावर होतो.

दुपारपर्यंत गावभर झालं. मोठ्या न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं, फाईल काढून घेतली आणि म्हणाले, ‘उएलेसे, तुमच्या आत्याला खुर्चीवर बसवायला हवं होतं. निदान निकाल तरी वेळेवर लागले असते.’ योपूला दुसऱ्या न्यायाधीशांनी साडेतीन वर्षं दिली. माझ्याकडे असता तर मी किती दिली असती, हे मला सांगता येत नाही.

पण शनिवारी बाजारात लाफाएलेची बायको फेतूच्या समोर आली. ती भांडली नाही. हातातला निरफणस खाली ठेवून म्हणाली, ‘ताई, डोळा आमच्या माणसाचा गेला आणि माफी तुमच्या अंगणात झाली. भात कसा झाला होता?’ फेतूने घरी येऊन मला हे सांगितलं आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसतो, पण ‘आमचे अपराध क्षमा कर’ इथपर्यंत आलं की मला त्या बाईचा आवाज ऐकू येतो आणि पुढचं म्हणवत नाही. घरातले समजतात, मी मनात म्हणतो.

असो. तब्येतीला जप. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बाकी विशेष काही नाही.

तुझा,
उएलेसे

ता. क. बाकी विशेष आहे. येत्या गुरुवारच्या बोटीने ये आणि येताना आईची मोठी चटई आण. लाफाएलेच्या दारात बसायचं आहे. कुळप्रमुखाचं नाव तुझ्याकडे आहे, तुझ्याशिवाय आपल्या घरातून कुणाला बसता येत नाही. योपूसाठी नव्हे, त्याच्यासाठी गुरुजी परवा जाऊन बसले आणि तिन्हीसांजेला तसेच परत आले. मी माझ्यासाठी बसणार आहे.

ता. क. २. फेतूला वाटतं, तू डोळे तपासायला येतो आहेस. मोठ्या न्यायाधीशांना मी राजीनामा देऊन ठेवला आहे. त्यांनी तो वाचून सोमवारपर्यंत खणात ठेवला. ‘बसून या, मग बघू,’ म्हणाले.

ता. क. ३. गुडघ्याचं मी वर विचारलं ते याचसाठी. नीट लिही, उगाच बरा आहे म्हणू नकोस. त्या घरातून अजून कुणी बाहेर आलेलं नाही, आणि आपल्याला किती वेळ बसावं लागेल ते मला माहीत नाही.