भालकीची खुर्ची

भालकी, मार्गशीर्ष वद्य ४, शके १८५८

तीर्थस्वरूप सौ. नागूअक्कास किशनचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे सर्व खुशाल, माझी झोप तेवढी गेली आहे. ज्या अमृतप्पाला मशीनचा साधा पट्टा चढवता येत नाही, ज्याच्या हातून दोनदा कापूस पेटला, तो आमच्या सरकी काढायच्या जिनात मॅनेजर झाला. जरीचा रुमाल बांधून खुर्चीत बसतो आणि मला नावाने हाक मारतो. मी जळतो, अक्का, खोटं कशाला सांगू. मालक शंकरप्पांना विचारलं, तर म्हणाले की तुला उठवलं तर मशीन कोण चालवायचं.

माघात गुलबर्ग्याला नवं जीन निघतंय. तिथली खुर्ची तरी मला मिळावी. दाजींना नमस्कार. धाकट्या भावावर माया असू दे.

किशन

खटकचिंचोळी, मार्गशीर्ष वद्य ११

चि. किशनरावास नागूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचून हसू आलं, कारण मीही तशीच जळते. आमच्या थोरल्या जाऊबाई, चंद्रभागाबाई, यांच्या पिठल्यातसुद्धा गाठी होतात. म्हणून लग्नकार्यात त्या शालू नेसून दारात हळदकुंकू लावतात आणि मी आत पुरण वाटते. पाहुणे त्यांनाच घरची लक्ष्मी म्हणतात.

तुझ्या दाजींचंही तेच. त्यांनी पेरायला पाभर धरली की ओळ वाकडी जाते, म्हणून भावांनी त्यांना शेतातून उठवून बैठकीत बसवलं. आता सरकारी कारकुनांशी गोड उर्दू बोलतात आणि गाव त्यांना विचारून चालतं. ज्याला काम येतं तो कामालाच बांधला जातो, बाबा. एकदा मशीन बिघडवून बघ, मालक तुला उचलून खुर्चीत ठेवतील. थट्टा करते हो. आईबापामागे आपण दोघंच, विसरू नको. लोभ असावा.

तुझी अक्का

भालकी, पौष शुद्ध ८

ती. अक्कास नमस्कार. वि. वि. तिळगूळ पोचला. तुझी थट्टा मी खरी केली. परवा पट्टा मुद्दाम सैल ठेवला. जीन थांबलं, कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. मालकांसमोर अमृतप्पा बाह्या सरसावून पुढे झाला आणि त्याने पट्टा तोडलाच. मग मला राहवेना, मीच सगळं सुरू करून दिलं.

मालकांनी अमृतप्पाला गुलबर्ग्याला पाठवलं, मोठ्या पगारावर. म्हणाले की तिथं मशीन यायला वेळ हाय, तवर त्यो मोडंल काय. आन् किशन हाय तर भालकीची काळजी न्हाई.

पण इथली खुर्ची आता रिकामी आहे. मालकांना उर्दू बोलणारा माणूस हवा आहे म्हणे. मी रोज उजळणी करतो. ह्या वेळी मीच. माझ्यासाठी देवापुढे नारळ ठेव.

किशन

खटकचिंचोळी, पौष वद्य २

चि. किशनरावास आशीर्वाद. वि. वि. कसं लिहावं कळत नाही. तुमचे मालक काल आमच्या बैठकीत येऊन गेले. दाजींचं उर्दू ऐकून फार खूश झाले. सोमवारपासून भालकीच्या खुर्चीत तेच बसतील.

मी तुझं नाव घेतलं रे. मालक म्हणाले की त्याला हलवलं तर जीन बंद पडंल. मग मी चहा टाकायला आत गेले. जाऊबाईंनी काल माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या ओळखीची होती. मला बरं वाटलं, तुझ्यापाशी लपवत नाही.

यांना पट्टा कुठला नि चाक कुठलं, ठाऊक नाही. मशीनला हात लावू देऊ नको. तू आहेस म्हणूनच पाठवते आहे.

लोभ असावा, असं आजवर सवयीने लिहीत आले. आज विचारते आहे, राहील ना?

तुझी अक्का