खुंटीवरची पिशवी

४ नोव्हेंबर १९४६
पिशवी फाटली! पलूसच्या रस्त्यावर, भर दुपारी. कात्री, साबण, कापूस, नाळेचा दोरा, सगळं धुळीत. असलं सामान बाळंतिणीला कसं लावणार? सायकल फिरवली, परत दवाखान्यात, सगळं पुन्हा उकळलं. मी पोचले तेव्हा पोरगी जन्मून रडतसुद्धा होती! देवाची कृपा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुणमाला, धड पिशवी घे. नाहीतर ही नोकरी दुसरीला देते."
दवाखान्याची चामड्याची पिशवी कपाटात नवीकोरी पडलीय. पण लोक बोलवायला घरीच येतात, सामान घरीच लागतं. आणि आमच्या जैनाच्या घरात चामडं? आमच्या तर वहाणासुद्धा अंगणापलीकडं!

५ नोव्हेंबर
आत्याबाईंना विचारून पाहिलं. "चामडं दाराच्या आत आलं की नोकरी बंद." सासू आहे की फौजदार!
गोठ्यात ठेवते म्हटलं. "गाईच्या म्होरं गाईचं चामडं? लाज न्हाई वाटत?"
आणि लगेच, "जेवलीस का? दिवस मावळतोय."
ह्यांना सांगितलं तर म्हणतात — तुमचं तुम्ही बघा. वा!

८ नोव्हेंबर
पत्र्याची पेटी कॅरिअरला बांधली. काय तो खडखडाट! कुत्री मागं लागली. बनुबाई खाटेवरनं म्हणाली, "बाई, तुमचा आवाज ऐकून कळाच थांबल्या की माझ्या!" तशा कळांतही हसत होती. पेटी रद्द.

११ नोव्हेंबर
मिळाली! शेजारचे लालासाहेब लढाईवरनं परत आलेत, त्यांनी आपली लष्करातली कॅनव्हासची पिशवी दिली. "घ्या ताई. इटलीच्या पावसात भिजली न्हाई, हितं काय हुतंय?" त्यांची धाकटी माझ्या हातावर झालेली.
आत्याबाईंनी पिशवी उलटीपालटी केली. वाससुद्धा घेतला! "कापडच हाय." मग दुपारभर सुईदोरा घेऊन बसल्या. कात्रीला कप्पा, बाटल्यांना कप्पे, मध्ये गोधडीचे तुकडे, म्हणजे बाटल्या आपटायला नकोत. एक कप्पा उरला. हा कशाला?
"भाकरीला. दिवस मावळायच्या आत खायाचं. बाळंतीण काय पळून जात न्हाई."
काय बोलावं या बाईला! पिशवी त्यांनीच खुंटीवर अडकवली, स्वतःच्या जपमाळेशेजारी.

१२ नोव्हेंबर
झकास! बाटली हलत नाही. भाकरीला मात्र जंतू मारायच्या लायसॉलचा वास.

२० नोव्हेंबर
बाटलीचं बूच निघालं. पिशवी धुवायला विहिरीवर नेली, तळाचं अस्तर जरा उसवलं, तर दोन कापडांच्या मधे चामडं! तळभर! लष्कराची पिशवी, एवढी दणकट कशानं झाली, हे माझ्या डोक्यात यायला नको होतं का?
घाईघाईनं पुन्हा शिवलं. घरी आणली. आत्याबाईंनी हातातनं घेतली आणि खुंटीवर — जपमाळेशेजारी.
सांगितलं तर नोकरी गेली. नाही सांगितलं तर मी त्यांना रोज फसवणार.

२३ नोव्हेंबर
अर्जुनाच्या सुनेचं बाळ पायाळू. फार जीव टांगणीला लागला होता. दोघंही सुखरूप! तिनं माझा हात सोडेचना. ही नोकरी सोडायची म्हणजे काय सोडायचं, ते आज कळलं. परत येताना सायकलवरच रडले.
आत्याबाई पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभ्या. पिशवीवरची धूळ पदरानं पुसली. पदरानं! मला बघवेना.

२५ नोव्हेंबर
उद्या सांगणार. जाऊ दे नोकरी.

२६ नोव्हेंबर
सांगितलं. आत्याबाई जोंधळे निवडत होत्या. हात थांबला नाही.
"ठाव हाय मला. शिवतानाच सुई आडली की."
"मग बोलला का नाही?"
"बोलून? तू घरात बसलीस तर त्या बायांनी काय करायचं? त्या दिवसापासनं तूप सोडलंय मी. पिशवी हाय तवर न्हाई खाणार. तू आपली सायकल नीट चालीव."
रोज शेजारी बसून जेवते मी. माझ्या भातावर तूप त्याच वाढत होत्या.