झाकणावरचं नाव

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून सात महिने मी तुमच्यावर रागावून गप्प आहे. आईला रोज "मी बरी आहे" सांगते. पण आत्ता तुमच्या जुन्या गिऱ्हाईक, गोरेगावच्या मिस, त्यांच्या घरून आलेय, नखांत तुमची पुट्टी आहे, आणि आज गप्प राहवत नाही.

मिसची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली. भाड्याच्या जागेत पियानो मावणार नाही, म्हणून त्या तो कांदिवलीच्या एका म्युझिक क्लासला देताहेत. क्लासवाल्यांना मेकरचं नाव लेखी हवंय, ट्यूनर म्हणून माझ्या सहीने. मिस म्हणाल्या, "जर्मन लिही. पीटरने लग्नात दिला तेव्हाच सांगितलेलं." पीटर म्हणजे त्यांचे गेलेले मिस्टर, हे तुम्हाला सांगायला नको.

झाकणावर ते जर्मन वाटणारं सोनेरी नाव आहेच. पण मला शिकवलं कोणी? "झाकणावरचं नाव दुकानदाराचं, पोटातलं नाव बापाचं." विकणारा आपलं नाव समोर मिरवतो, बनवणारा आतल्या लोखंडी चौकटीवर ओतून ठेवतो. तुमच्याबरोबर किती जुने पियानो उघडले, बहुतेक वेळा हेच निघालं!

मी खालची फळी काढली. चौकटीवर नावाच्या जागी सपाट. वरच्या रंगाला तडा गेलेला, आत पुट्टी. मग वाजवायच्या पट्ट्यांतली सगळ्यात डावीकडची पट्टी उपसली. दुरुस्ती करणारा तिच्या कडेवर पेन्सिलीने लिहून सही करतो, पुढच्याने वाचावं म्हणून. तिथे तुमचं अक्षर होतं: "मेकर इंग्लिश. नाव मी झाकलं. मिसना सांगवलं नाही. पुढे उघडेल त्याने ठरवावं."

पुढे कोण उघडणार होतं, बाबा? मीच ना! रोज समोरासमोर जेवायचो, तेव्हा तोंडाला काय झालं होतं?

मिस मागेच खुर्चीत बसलेल्या. जर्मन लिहून सही ठोकली असती, तर त्यांना कधीच कळलं नसतं. खरं सांगावं, तर त्या घरात तुमचं नाव जाणार. मी तुमच्यावर कितीही चिडलेली असले, तरी ते मला नको होतं.

तरी सांगितलं. मिस पांढऱ्या पडल्या. "सावंतने लपवलं? का? पीटरने मला फसवलं, हे त्याला ठाऊक होतं?"

बघा, काय करून ठेवलंत! करायला गेलात गणपती आणि झाला मारुती. मिसना दुखवू नये म्हणून झाकलंत, आणि बिचाऱ्या पीटर अंकलना खोटारडं ठरवलंत.

मी स्क्रू ड्रायव्हरने पुट्टी खरवडत गेले. एकेक अक्षर उघडं पडलं. मिस चष्मा लावून खाली वाकल्या. मग त्यांना झाकणावरचं नाव दाखवलं. "मिस, हे दुकानाचं नाव. अंकलनी तेच वाचलं. सगळे तेच वाचतात. त्यांनी फसवलं नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही."

मिसनी दोन्ही नावं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "एवढंच? दोन मिनिटांची गोष्ट होती ना गं? इतकी वर्षं माझ्या हातचा चहा प्याला हा माणूस, आणि मी त्याला एवढी कच्ची वाटले?"

माझाही तोच प्रश्न आहे. छातीत दुखतं हे डॉक्टरांना माहीत होतं. मला मात्र शेवटच्या दिवशीसुद्धा "गॅस झालाय गं, तू जा" म्हणालात, आणि मी बोरिवलीला ट्यूनिंगला निघून गेले. सांगितलं असतंत तर थांबले नसते का? मीसुद्धा कच्ची वाटले?

कागदावर खरं नाव लिहिलं. मिसनी वाचून मान हलवली, आणि पट्टी परत बसवायच्या आधी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "लिही आता. सावंतच्या खाली."

मी लिहिलं: "पुट्टी काढली. मिसना सांगितलं. त्यांना झेपलं."

आई आत भाकऱ्या थापतेय. हे पत्र संपवून मी तिच्याजवळ जाऊन बसणार आहे. मी बरी नाही, मला तुमचा भयंकर राग येतो आणि तुमच्याशिवाय करमत नाही, हे सगळं तिला सांगणार आहे. तिला झेपेल, बाबा. वचन देते, आपल्या घरात यापुढे पुट्टी नाही.

तुमच्या खाली सही करणारी,
मीनल