चौदा नंबरचा कण

६ जानेवारी, मंगळवार
प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडमचा फोन, सकाळी ९.१०. एसईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट आला. चौदा नंबरच्या कणात लोखंड, ऑक्सिजन आणि उल्कांमध्ये असतं तसं निकेल. मँगनीज नगण्य. म्हणजे वेल्डिंगची ठिणगी नसावी. लघुग्रहांच्या टकरीतली धूळ, वातावरणात वितळून गोल झालेली, सुकापूरला आमच्या गच्चीवर पडलेली. बहुधा.
मॅडम: "अगं, ओरड तरी!"
मी "हो मॅडम" म्हटलं.
फेब्रुवारीत परिषद, पोस्टर माझं. त्याच आठवड्यात पीएचडीची मुलाखत. दोन्ही आता या एका कणावर.

७ जाने.
बाबांना सांगितलं. जेवता जेवता. "म्हंजे आबालातून आमच्याच घरावर? टॅक्स लावतील नाय ना?" मग आईला, "ट्रे मी बनवला हाय, बरं का."
ते खरं. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पन्हळीतून ज्या ट्रेमध्ये पडतं तो बाबांनी बनवला. गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचा. एरवी त्यांच्या वर्कशॉपमध्ये साधं लोखंड: ग्रिल, गेट, शेड. वर्कशॉप घरापासून तीन कि.मी. ट्रे तिथेच जोडला, घासला, धुतला, मग आणला. घरी जून ते ऑक्टोबर वेल्डिंग बंद, ग्राइंडर बंद. माझी अट. वहीत तारखेसह आहे.

१० जाने., शनि.
पोस्टरसाठी ट्रेचे फोटो काढले. मागचा डावा पाय: जोडावर निळसर-जांभळी झाक, वेल्डिंगच्या उष्णतेने येते तशी. बाकी तीन पायांचे जोड घासून चकचकीत. हा घासलेला नाही.
वर्कशॉपमधून घासल्याशिवाय काही बाहेर जात नाही. बाबांची पद्धत.
मग हा कुठे केला?
विचारायला हवं. विचारलं नाही.

११ जाने., रवि.
विचारलं. गाडी धूत होते.
"तो पाय? हलत व्हता. टाका मारला."
"कुठे?"
"वरच. गच्चीवर. तू परीक्षेला गेलती तवा, जूनमदी. दोन मिनटांचं काम. सांगितला असता तं तू नाय बोलली असती."
"हो. असते."
"मंग?" हसले. पाइप चालूच.
मी वर आले. स्टेनलेस स्टीलच्या रॉडने मारलेला वेल्डिंगचा टाका. स्टीलमध्ये निकेल असतं.

नंतर. क्रोमियमही असतं. ते असेल तर ठिणगी, नसेल तर नाही. साधी चाचणी. पण छापील रिपोर्टमध्ये पाचच घटकांचा तक्ता आहे, आणि ते पाच मीच लिहून दिले होते. मँगनीज मागितलं, कारण बाबांच्या लोखंडात ते असतं. क्रोमियम मागितलं नाही, कारण बाबा स्टीलचं काम करत नाहीत.
फक्त एकदा केलं. माझ्यासाठी.

१२ जाने.
एसईएमच्या ऑपरेटरला फोन केला. मूळ आलेखाची फाईल त्यांच्या मशीनवर आहे, त्यातून क्रोमियम काढता येईल. पण ते गावी. सोमवारी, १९ला येतील.
सात दिवस. पोस्टरचा सारांश १६ला छापायला जातो.
चहा दोनदा गरम केला, प्यायलाच नाही.

१४ जाने., संक्रांत
आईच्या ताटातला एक तीळ मोजपट्टीवर ठेवला. तीन मि.मी. चौदा नंबर ०.२२. एका तिळाच्या लांबीत तेरा बसतील. याने काही सिद्ध होत नाही.
बाबा तिळगूळ देताना: "बाय, तोंड का असा? माज्यावर रागावली का?"
"नाही."
खरंच नाही. पण तसं पटेल असं म्हणता आलं नाही.

१५ जाने., गुरु.
मॅडमना मेल पाठवला. सहा ओळी. गच्चीवर एक टाका, स्टीलचा रॉड, क्रोमियम तपासलेलं नाही, सारांशातून 'लघुग्रहीय' शब्द काढावा. 'माझ्या वडिलांनी' लिहिलं होतं, ते खोडून 'जोडणीच्या वेळी' केलं. मग परत 'माझ्या वडिलांनी' केलं. तेच अचूक आहे.
वीस मिनिटांत फोन. "चार दिवस थांबता आलं नसतं तुला?"
"छापून गेलं असतं, मॅडम."
मॅडम: "मुलाखतीत हेच विचारतील, माहितेय ना? काय दाखवणार आहेस मग?"
 

१७ जाने., शनि.
वर्कशॉपला गेले. बाबांना म्हटलं, तोच रॉड घ्या, तसाच टाका मारा. खाली ओला कागद अंथरला. ठिणग्यांचे गोळे चुंबकाने उचलले. त्यांनी 'कशाला' विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. पहिल्यांदाच.
चष्मा काढून पुसत राहिले.
"म्हंजे माज्यामुलं…"
"अजून माहीत नाही."
"तू मना तवाच बोलाचा व्हता."
"तुम्ही पण."
मग त्यांनीच मला घरी सोडलं. हॉर्न एकदाही वाजवला नाही.

१८ जाने., रवि.
सहा फोटो छापले, एकाच मापाचे, नंबर मागे. पाच कालच्या ठिणग्यांचे, एक चौदा नंबरचा. ओट्यावर मांडले.
"यातले तुमचे कुठले?"
बाबांनी घाई केली नाही. "ह्यो माजा. ह्यो पन." चार बाजूला सारले. दोन उरले.
"हे माजे नाय."
"कशावरून?"
"माजे घाईत थंड व्हतात. हे निवांत पडल्येत."
उलटून पाहिले. एक चौदा नंबर. दुसरा कालचा, त्यांचाच.
म्हणजे काहीच कळलं नाही. असंच लिहायला हवं: सहापैकी एक नक्की चुकला, चौदाचं अनिश्चित. त्यांना फक्त "बरं" म्हटलं. त्यांनी ते दोन फोटो शर्टाच्या खिशात ठेवले.

१९ जाने., सोम.
११.४०. ऑपरेटरचा मेल. फाईल जोडलेली.
उघडण्याआधी लिहून ठेवते: आलेखात क्रोमियमचं शिखर स्पष्ट दिसलं तर चौदा नंबर बाद. पुन्हा मोजून, कोन बदलून वाद घालायचा नाही. मॅडमना लगेच कळवायचं.
१२.०५. अजून उघडलेली नाही.
१२.२०. बाबा जेवायला आले. मोरीतूनच: "आला काय?"
"आला. पाहिला नाही."
नळ बंद. "बाय, माजा निघाला तं फेकू नको. मना दे."
"तुम्हाला दिसणार पण नाही."
"फोटूत दिसला ना."
हात पुसून या म्हटलं. दुसरी खुर्ची ओढून ठेवली आहे.